चार्के तांब्याची तार

काकियाविरीच्या तोमासाबाईंना कळवण्यात येतं की त्यांचं गाढव सापडलं आहे. न्यायला येताना दोर आणावा.

*

कोरोकोरोच्या डोंगरात तांबं कधी कधी शुद्धच सापडतं. लाल वाळूच्या दगडाच्या दोन थरांमध्ये पातळ, वेडीवाकडी पानं. खाणकामगार त्याला चार्के म्हणतात. चार्के म्हणजे लामाचं, तिथल्या लोकरीच्या ओझेवाहू जनावराचं, वाळवलेलं मांस. दिसायला हुबेहूब तसंच, फक्त चावायला जाऊ नये.

*

लामाची चरबी जूनमध्ये, तिकडच्या ऐन थंडीत, दगड होते. वापरायच्या आधी ती काखेत धरून बसावं लागतं.

*

उल्योमाच्या हिलारिओला: आईचं ऑपरेशन नीट झालं. पाव पाठवू नकोस, इथले उंदीर खातात.

*

शिशाचा खडा फोडला की त्याचे चौकोनी तुकडे होतात. चौकोनी तुकडा फोडला की आणखी लहान चौकोनी तुकडे. फोडणाऱ्याचा हात थकतो, खडा आपला चौकोन सोडत नाही.

*

तोलापाम्पाच्या फाट्यावरून दक्षिणेकडचा ट्रक गुरुवारी दुपारी सुटतो.

*

फाउस्तो सिर्पाच्या घरात वीतभरसुद्धा तार नव्हती.

*

या शेवटच्या गोष्टीपासून पुढे जाऊ.

अठ्ठावीस वर्षं फाउस्तोने कोरोकोरोच्या खाणीतून तांबं वर काढलं. ते रेल्वेत बसून समुद्राला जायचं, तिथून बोटीने कुठल्याशा देशात, आणि तिकडे त्याची तार व्हायची. पुढे ती तार कुणाच्या घरात गेली, कुणाच्या भिंतीतून फिरली, हे वर काढणाऱ्याला कधी कळलं नाही. छातीत दगडाची धूळ बसली तेव्हा खाणीने त्याला घरी पाठवलं. घर म्हणजे विचुपाता. अकरा उंबरे, एक झरा, झऱ्याखाली दलदलीचं कुरण आणि सगळीकडून वारा. घरात बायको देमेत्रिया आणि एकुलती एक मुलगी बाल्बिना.

बाल्बिना ऑगस्टमध्ये गेली. ट्रकवरच्या एका पोराबरोबर गेली, आणि पोटात मूल घेऊन गेली. निघताना ती अंगणात उभी राहून बापाला "ताता" म्हणाली. फाउस्तो भिंतीकडे तोंड करून कुदळीचा दांडा तासत होता. दांडा तासून झालेला होता. तरी तो तासत राहिला.

"निरोप पाठवीन," ती शेवटी आईला म्हणाली. "पहाटे रेडिओवर सांगतात ना, त्यात. ऐकत जा."

ला पाझच्या रेडिओवर पहाटे पाच वाजता निरोप वाचतात. कोण मेलं, कोण जन्मलं, कुणी कुठल्या दिवशी दोर घेऊन यायचं. पठारावर पत्र पोचायला महिना लागतो, निरोपाला एक पहाट पुरते. आणि ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याने ऐकलेला निरोप ज्याचा त्याला नेऊन द्यायचा, ही तिकडची रीत. कुणी ठरवलेली नाही, पण मोडतही नाही.

विचुपातात ट्रान्झिस्टर एकाच घरी होता, जपानी. कासिमिरो पोमाच्या. तो बाल्बिनाचा धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातांवर धरलं होतं. त्यामुळे तो आणि फाउस्तो एकमेकांना "कोम्पाद्रे" म्हणायचे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोम्पाद्रेशी भांडू नये असं मानतात.

त्यांचं भांडण बाल्बिना गेल्यावर आठव्या दिवशी झालं. कासिमिरोच्या अंगणात दहाबारा माणसं गाणी ऐकायला जमली होती.

"येत जा की रोज पहाटे, कोम्पाद्रे," कासिमिरो म्हणाला. तो थोडा प्यायलेला होता, आणि प्यायला की त्याचा आवाज चढायचा. "पोर निरोप पाठवणार म्हणे. ये, माझ्या खोक्याला कान लावून बस. अठ्ठावीस वर्षं उंदरासारखा बिळात काढलीस, तुला हातभर तार मिळाली नाही. मी एक बैल दिला आणि बघ, आख्खं ला पाझ उशाशी!"

माणसं हसली. वाईट हेतूने नाही. हसण्यासारखं बोललं की माणसं हसतात.

फाउस्तोने टोपी डोक्यावर ठेवली. "तुझ्या खोक्यातलं तांबं माझ्या छातीतून गेलंय," तो म्हणाला. "माझ्या पोरीचा निरोप मी माझ्या तारेवर ऐकीन. सेल नको, जपान नको. या डोंगरातून काढीन आणि ऐकीन."

"ऐक, ऐक! आणि तुझा दगड बोलला की मलाही बोलाव, मी त्याला पेला भरून देईन!"

त्या दिवसापासून फाउस्तोने त्या अंगणात पाय ठेवला नाही, आणि देमेत्रियालाही ठेवू दिला नाही.

"मी नुसती बाहेर बसते," ती म्हणाली. "भिंतीच्या पलीकडे. आवाज येतो तिथवर."

"या घरातलं कुणी त्याच्या भिंतीलासुद्धा टेकणार नाही."

"बरं. नाही टेकत." देमेत्रियाने चुलीत शेण सारलं. "पण तुझा दगड बोलला नाही ना, म्हाताऱ्या, तर मग मी बोलेन. आणि ते तुला आवडायचं नाही."

खडा

दगड ऐकतो हे फाउस्तोने डोळ्यांनी पाहिलं होतं. खाणीच्या टेलिफोनवर उबाल्दो नावाचा एक म्हातारा होता. त्याच्याकडे काडेपेटीएवढी फळी होती. फळीवर शिशाचा चमकता खडा, खड्याला टेकलेली केसासारखी तार, एक वेटोळं, आणि कानाला लावायचा एक काळा डबा. सेल नाही, दिवा नाही. उबाल्दो ती बारीक तार खड्यावर इकडे तिकडे टेकवत राहायचा आणि एकदम हात वर करायचा: गप्प! मग आळीपाळीने सगळे कान लावायचे. "हवेत जे आहे तेच हा खातो," उबाल्दो सांगायचा. "याला वेगळं जेवण लागत नाही. खाणकामगारापेक्षा स्वस्त."

खडे ओसाड पडलेल्या जुन्या खाणींजवळ पायाखाली येतात. फाउस्तोने पिशवी भरून आणले. सगळे खडे चमकतात, सगळे ऐकत नाहीत. आणि ऐकणाऱ्या खड्याचीही एखादीच जागा ऐकते. ती शोधायची म्हणजे बाकी सगळं आधी तयार हवं.

काही खडे त्याने टेकडीवर नेले. आज्ज्याच्या काळची वाऱ्याची भट्टी तिथे होती, मातीची, अंगभर भोकं असलेली. वारा भोकांतून शिरतो आणि शेणाची आग भात्याशिवाय भडकते. खड्यांतून शिसं पाझरून खाली आलं. त्यातलं थोडं त्याने वाटीसारखं करून त्यात एक चांगला खडा बसवला. उरलेल्याच्या चकत्या केल्या.

तार

तार हे या गोष्टीतलं सगळ्यात मोठं काम, आणि सांगायला सगळ्यात लहान.

चार्के ठोकायचं. पट्टी कापायची. तापवायची, म्हणजे मऊ होते. मग खाणीतल्या मोडक्या छिन्नीच्या पोलादात पाडलेल्या भोकांतून ओढायची: मोठं भोक, त्याहून लहान, त्याहून लहान, नऊ भोकं. काखेतली चरबी लावायची. ओढायची. तुटते. पुन्हा ठोकायची. ओढताना छातीतून शिट्टी वाजायची, मग तो खाली बसायचा आणि देमेत्रिया ओढायची. तिच्या हाताने कमी तुटायची. हे दोघांनाही दिसत होतं, त्यावर कुणी बोललं नाही.

ओढलेल्या तारेला अंगरखा लागतो, नाहीतर वेढ्याला वेढा चिकटून सगळं फुकट. देमेत्रियाने अल्पाकाच्या लोकरीचा इतका बारीक धागा काढला की चातीवर तो उन्हात दिसायचा आणि सावलीत दिसेनासा व्हायचा. तो धागा ती तारेवर गुंडाळत जायची. दिवसाला दोन हात, फार तर तीन.

"किती वेढे पाहिजेत?" तिने विचारलं.

"नव्वद."

"बाल्बिनाच्या कुंचीलाही एवढी मेहनत घेतली नव्हती मी."

फाउस्तोने पुढची पट्टी तापवायला घेतली.

"आतापर्यंत बाळंत झाली असेल," ती म्हणाली. नोव्हेंबर चालू होता. बाळंतपणाला अजून वेळ होता हे तिला ठाऊक होतं. तिला फक्त तो विषय घरात हवा होता.

जाड, उघडी तार त्याने छपरावरून समोरच्या मोठ्या खडकापर्यंत ताणली, चाळीस वाव. दोन्ही टोकांना लामाची वाळलेली हाडं बांधली, म्हणजे हवेतून आलेलं वाटेत भिंतीत मुरू नये.

जानेवारीत गावचा मुखिया आला. म्हातारा आंदोनी. अंगणात बसला. फाउस्तोने कमरेची विणलेली पिशवी सोडून कोकाची पानं पुढे केली, आंदोनीने ती दोन्ही हातांनी टोपीत घेतली आणि आपल्या पिशवीतली पानं फाउस्तोला दिली. दोघांनी तीन तीन पानं निवडली, डोंगरांच्या दिशेने फुंकली, तोंडात टाकली. मग पावसाबद्दल बोलणं झालं. मग एका लंगड्या लामाबद्दल. पानं गालात मऊ झाली तेव्हा आंदोनी म्हणाला, "ती तार गारा ओढते असं लोक म्हणतात. बटाटे फुलावर आहेत. उतरव. काढणी झाली की परत बांध."

पानं खाऊन झाल्यावर सांगितलेल्या गोष्टीला नाही म्हणता येत नाही. आणि पानं न देता-घेता कामाची गोष्ट कुणी तोंडातून काढतही नाही. ते दार न वाजवता घरात शिरण्यासारखं आहे. फाउस्तोने तार उतरवली. तीन महिने गेले.

कान

कानाचा डबा त्याला बनवता आला नाही.

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. लोखंड ओढणारा काळा दगड आणला, डब्याचं झाकण घासून कागदासारखं केलं, वेटोळं गुंडाळलं. झाकण मुकंच राहिलं. शेवटी तो दोन दिवस चालत जुन्या स्टेशनात गेला आणि भंगारातून टेलिफोनचा कानाचा डबा उचलून आणला. घरी येईपर्यंत तो अंगावर पांघरलेल्या पोंचोखाली लपवला होता, चोरीचा म्हणून नाही. शब्द मोडल्याची लाज.

डबा जिवंत आहे का, हे बघायला शिशाच्या चकत्या कामी आल्या. तांब्याची चकती, मिठाच्या पाण्यात भिजवलेला लोकरीचा नमदा, शिशाची चकती; पुन्हा तांबं, नमदा, शिसं. असे बारा थर. दोन टोकांच्या तारा डब्याला टेकवल्या.

टक.

देमेत्रिया बटाटे सोलता सोलता थांबली. "ते काय होतं?"

"वीज."

"एवढीच?"

"एवढीच." त्याने पुन्हा टेकवली. टक. मग तिने त्याच्या हातातून तारा घेतल्या आणि स्वतः टेकवून पाहिल्या. टक, टक, टक. ती हसली. बाल्बिना गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, आणि फाउस्तोला वाटलं, आता झालंच. आता काही दिवसांचाच प्रश्न.

सोमवार

जून. रात्री पाणी दगड होतं. गावाने बटाटे दंवात पसरले होते. सकाळी ते पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि वाळवून त्यांचा चुन्यो करायचा. देमेत्रिया लामांची लोकर कापायला वरच्या कुरणावर गेली होती आणि शनिवारी यायची होती. फाउस्तो अंगणात फळी मांडीवर घेऊन बसला होता. सगळं जागेवर होतं. तार वर, वेटोळं फळीवर, तांब्याचा पत्रा कुरणात पुरलेला, कारण अशा यंत्राला एक हात आभाळात आणि एक जमिनीत लागतो. पहाटेपासून तो खड्यावर जागा शोधत होता. कानात नुसती शांतता.

सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. कासिमिरो. दहा महिन्यांनी. स्वच्छ पोंचो, हातात टोपी.

"कोम्पाद्रे."

"कोम्पाद्रे," फाउस्तो म्हणाला आणि परत खड्याकडे बघायला लागला. हा हसायला आला आहे, त्याला वाटलं. वर तार बांधलेली लांबून दिसते. दगड बोलला का, बघायला आला आहे.

"दंव चांगलं पडतंय."

"पडतंय."

"चुन्यो पांढराशुभ्र होईल यंदा."

"होईल."

कासिमिरो भिंतीच्या कडेला बसला. टोपी गुडघ्यावर उलटी ठेवली. रिकामी टोपी, तोंड वर. फाउस्तोला ती दिसत होती. त्याच्या स्वतःच्या कमरेला पिशवी होती आणि पिशवीत पानं होती; आणि येणं-जाणं ज्याने तोडलं, पानं त्यानेच आधी काढायची असतात.

"देमेत्रिया कुठाय?"

"वर. शनिवारी येईल."

"शनिवारी." कासिमिरोने टोपीची कड बोटांनी फिरवली. "तू गुरुवारी तोलापाम्पाच्या बाजाराला जाणार असशील."

"मला बाजारात काय काम?"

"नाही, मी म्हटलं, जाशील. मी जातोय. बरोबर गेलो असतो."

"माझं काम इथे आहे." फाउस्तोने फळी जराशी वळवली, त्याला दिसू नये अशी.

कासिमिरो आणखी बसला. एक पान चघळून होईल एवढा वेळ, मग दोन पानांचा. मग त्याने टोपी झटकली, जशी काही ती भरलेली होती, आणि डोक्यावर घातली. "जातो तर मी."

"जा."

मंगळवारी फाउस्तो छपरावर हाडं घट्ट बांधत होता, तेव्हा वाटेवर त्याला तीच टोपी दिसली. त्याने छपराच्या दुसऱ्या बाजूला तोंड केलं. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा वाट रिकामी होती.

जमीन

दोष खड्यात नव्हता. बुधवारी त्याच्या लक्षात आलं. कुरण वरपासून गोठलं होतं, आणि गोठलेली जमीन काही घेत नाही. पत्रा बर्फात पुरणं म्हणजे न पुरणंच. जिथे पाणी थंडीतही जिवंत राहतं तिथे, झऱ्याच्या तोंडाशी, तो न्यायला हवा होता.

गुरुवारी उजाडल्यापासून त्याने खणलं. कुदळ बर्फावरून उडत होती. छातीत शिट्टी वाजत होती. दर दहा घावांनी तो टेकायचा. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो कमरेएवढ्या खड्ड्यात होता आणि पायाला पहिल्यांदा ओल लागली. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच मोठ्याने ओरडला. पाणी वर आलं. त्याने चार्केचा सगळ्यात मोठा पत्रा त्यात उभा ठेवला, तार जोडली, माती लोटली.

शुक्रवारी पहाटे बारीक तार खड्याच्या एका कोपऱ्याला टेकली आणि कानात माणूस आला.

फार लांबचा, किड्याएवढा माणूस. पण शब्द न् शब्द. "...च्या भावांनी रविवारी चर्चपाशी जमावं. पुढचा निरोप. काराकोल्योच्या..." फाउस्तोने श्वास धरला. हात हलला तर जागा सुटेल म्हणून तो मनगट गुडघ्यावर दाबून बसला. निरोप संपले. गिटार वाजू लागली. बाल्बिनाचं नाव आलं नाही, पण आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा. आता तो ऐकायला होता तिथे. डोळ्यांतलं पाणी गालावर येऊन गार झालं.

पानं

ऊन वर आल्यावर त्याने तोंड धुतलं, चांगला पोंचो घातला आणि दहा महिन्यांनी कासिमिरोच्या अंगणात गेला. जिंकलेल्या माणसाने पहिलं पाऊल टाकावं, एवढी रीत त्याला होती. भिंतीपाशी बसला. पिशवी सोडली आणि मूठभर पानं दोन्ही हातांनी पुढे केली.

"घे, कोम्पाद्रे."

कासिमिरोने पानांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. त्याने पानं टोपीत घेतली, स्वतःची दिली. तीन तीन निवडली. फुंकली. चघळली. फाउस्तोला गप्प बसवत नव्हतं, तरी तो बसला.

"बोलली," तो अखेर म्हणाला. "माझी तार बोलली. आज पहाटे. निरोप ऐकले मी, कोम्पाद्रे. सगळे."

कासिमिरोने डोळे मिटले. "म्हणजे कळलं तर तुला."

"काय कळलं?"

"आज पुन्हा वाचला का? मला वाटलं तीनच दिवस. सोमवार, मंगळवार, बुधवार."

"काय वाचलं?"

कासिमिरोने पानांचा गोळा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. मग त्याने पाठ केल्यासारखं, रेडिओवरच्या माणसाच्या थांब्यांसकट म्हटलं: "विचुपाताच्या फाउस्तो सिर्पा आणि देमेत्रिया यांना त्यांची मुलगी बाल्बिना कळवते. गुरुवारी तोलापाम्पाच्या बाजारात दुपारपर्यंत आहे. बाळ बरोबर आहे. त्यानंतर आम्ही अर्जेंटिनाला ऊसतोडीला जातो, परत येणार नाही. तुम्ही आला नाहीत तर ते तुमचं उत्तर समजेन."

अंगणात एक कोंबडी फिरत होती. फाउस्तो तिच्याकडे बघत राहिला.

"तू सोमवारी आलास," तो म्हणाला.

"आलो."

"का नाही सांगितलंस?"

"तू पानं काढली नाहीस."

"ओरडायचं होतंस! भिंतीवरून ओरडायचं होतंस!"

"दहा महिन्यांनी कोम्पाद्रे दारात येतो," कासिमिरोचा आवाज फुटला, "टोपी उलटी ठेवून बसतो. एकदा तरी विचारायचंस, का आलास म्हणून. मी बाजाराचं बोललो. याहून जास्त मी काय करू? मंगळवारी परत आलो. तू पाठ फिरवलीस."

दंव चांगलं पडतंय. देमेत्रिया कुठाय. तू गुरुवारी बाजाराला जाणार असशील. बरोबर गेलो असतो.

बरोबर गेलो असतो.

"तू गेलास?" फाउस्तोने विचारलं.

"गेलो."

"भेटली?"

"भेटली. जाडी झालीय. बूट घालते." कासिमिरोने तोंड पुसलं. "मुलगी झालीय तिला. चार महिन्यांची. तुझे कान आहेत. उभे."

"मग तू सांगितलंस ना तिला? आम्हाला माहीत नव्हतं, हे सांगितलंस ना?"

कासिमिरो टोपीतली पानं बोटाने चाळू लागला. एक उचललं, ठेवलं.

"कासिमिरो."

"तिने विचारलं, पदरीनो, निरोप मिळाला का घरी? सगळा बाजार आजूबाजूला. मी तिचा धर्मबाप. ऐकलेला निरोप मी पोचवला नाही, असं तिला कसं सांगू?" त्याने मान वर केली नाही. "मी म्हटलं, मिळाला."

फाउस्तोने हात पुढे केला, जणू कासिमिरोच्या तोंडातून तो शब्द परत घेता येईल. मग तो हात तसाच मांडीवर पडला.

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. बरं, म्हणाली. ट्रक सुटेपर्यंत रस्त्याकडे बघत होती, म्हणजे मला तसं वाटलं. कदाचित मुलीला ऊन लागत होतं म्हणून तोंड तिकडे केलं असेल."

दोघं बसून राहिले. पानांचा रस संपला, कडू चोथा उरला, तरी कुणी थुंकलं नाही. कासिमिरोची बायको सूपच्या वाट्या घेऊन बाहेर आली, दोघांकडे पाहिलं आणि वाट्या घेऊन तशीच आत गेली.

शनिवार, रविवार

शनिवारी फाउस्तो वरच्या कुरणाच्या वाटेवर अर्ध्यात जाऊन उभा राहिला. लामांच्या मागे देमेत्रिया आली, पाठीवर लोकरीचं गाठोडं. नवऱ्याच्या हातात सोडलेली पिशवी आणि पुढे केलेली पानं तिला लांबूनच दिसली. नवरा-बायकोत पानं उगाच काढत नाहीत.

ती जवळ आली. पानांना हात लावला नाही.

"नकोत," ती म्हणाली. "तशीच सांग."

त्याने सांगितलं. वाटेत उभ्या उभ्या, पहिल्यापासून, टोपीसकट, छपरासकट, खड्ड्यासकट. दुपारी पायाला ओल लागली तेव्हा आपण ओरडलो, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. देमेत्रिया ऐकताना गाठोड्याची गाठ सोडत होती आणि परत बांधत होती. बोलेन म्हणाली होती, पण बोलली नाही. लामा पुढे निघून गेले तशी त्यांच्या मागे चालू लागली.

रविवारी पहाटे त्याला जाग आली तेव्हा ती फळीपाशी बसलेली होती, अंगावर दोन पोंचो, डबा कानाला धरून. तिला जागा सापडत नव्हती. त्याने तिचा हात धरून बारीक तार खड्याच्या त्या कोपऱ्यावर टेकवली. तिचे डोळे मोठे झाले. ती निरोप ऐकत राहिली, एकामागून एक, कुणाकुणाचे. मध्ये एकदा तिचे ओठ हलले, वाचणाऱ्याबरोबर एखादं नाव म्हणत असावी. गिटार सुरू झाल्यावर तिने डबा खाली ठेवला.

"चांगलं ऐकू येतं," ती म्हणाली.

"हो."

"यातून उलट बोलता येतं?"

"नाही. हे फक्त ऐकतं."

"आणि त्या ला पाझच्या माणसाने वाचलं तर? तिकडे उसात पोचेल?"

"तितक्या लांब तो पोचत नाही."

देमेत्रियाने वेटोळ्यावरून बोट फिरवलं, तिने गुंडाळलेल्या धाग्यावरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उठून चूल पेटवायला गेली. फाउस्तो फळीसमोर बसून राहिला. पोंचोच्या आत त्याने हात दुमडून घेतले होते. ऊन अंगणात आलं, भिंतीवर चढलं, आणि डब्यातला आवाज रोज उजाडल्यावर बारीक होतो तसा बारीक होत गेला.

गुरुवारी तोलापाम्पाच्या बाजारात कासिमिरोने बाल्बिनाच्या मुलीला बटाट्याच्या काट्यावर ठेवलं होतं. ती बारा पौंड भरली.